सिन्योरचा पंधरा मिनिटांचा पास्ता

सिन्योर मूळचा सांगलीचा. इटलीत तो उणेपुरे चार दिवस राहिला होता, तेही ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी, विमानतळाजवळच्या हॉटेलात. पण जर्मनीत, र्युसेल्सहाइमला परतला तो बोटं जुळवून हवेत नाचवतच. तेव्हापासून आम्ही मराठी मंडळी त्याला सिन्योर, म्हणजे इटालियन साहेब, म्हणू लागलो. आम्ही चेष्टेने म्हणत होतो. त्याला तो किताब वाटला.

एप्रिलमध्ये बाजारात हिरवी श्पार्गेल, म्हणजे शतावरीचे कोवळे कोंब, आली की त्याचं आमंत्रण यायचं. "साधा पास्ता आहे, पंधरा मिनिटांत होतो." व्हायचाही. त्याआधीचं व्याख्यान मात्र दीड तास चालायचं. श्पार्गेलची काडी कुठे मोडायची, मटार पाण्यात कधी सोडायचे, पास्त्याचं पाणी किती खारट हवं. आम्ही उपाशीपोटी, रिकाम्या प्लेटा घेऊन उभे. कुणी चिली फ्लेक्स मागितले तर सिन्योर असा बघायचा, की जणू मागणाऱ्याने त्याच्या देव्हाऱ्यात चपला ठेवल्यात.

व्याख्यानाचा कळस म्हणजे ग्वांचाले, डुकराच्या गालाचं खारवून वाळवलेलं मांस. त्याचे तुकडे पॅनमध्ये चरबी सोडू लागले की सिन्योर डोळे मिटून घ्यायचा. माझ्या नवऱ्याने एकदा बिचकत विचारलं, "आम्ही दोघं शाकाहारी. आमच्यापुरतं ते वगळता येईल?"

"गेनाऊ, अगदी बरोबर, येईल की," सिन्योर म्हणाला. "मग त्याला पास्ता म्हणू नका, पथ्य म्हणा."

आम्ही ब्रेड खाऊन घरी आलो. पुढच्या वर्षी डबा घेऊन गेलो.

मग एका एप्रिलमध्ये त्याची आई आली. आपल्या घरात अंडंसुद्धा येत नाही, असं त्याने काकूंना इतकी वर्षं सांगितलं होतं. "फोनवर तो रोज वरणभात जेवतो," त्याची बायको गौरी मला हसत म्हणाली. आमंत्रणं आधीच गेली होती. सिन्योरने एकेकाला फोन करून बजावलं, मांसाचा विषय काढायचा नाही.

त्या दिवशी पास्त्यात चक्क पनीर होतं. व्याख्यान नव्हतं. मी गुपचूप दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पण त्याच्याच ऑफिसातल्या कुलकर्ण्यांना इतक्या वर्षांचा सूड घ्यायचा होता. ते मोठ्याने म्हणाले, "सिन्योर, यंदा काहीतरी कमी पडलंय बुवा!"

सिन्योरचा चेहरा उतरला. तेवढ्यात सोफ्यावरून काकू म्हणाल्या, "अरे, फ्रीजमध्ये भाजीच्या खाली लपवून ठेवलंयस ना, ते घाल की त्यांना. पाकिटावर डुकराचं चित्र आहे ते."

सिन्योर काकूंकडे वळला.

"आई, तुला कधी..."

"आल्या दिवशीच दिसलं. तू काय खातोस ते तुझं तू बघ. पण मी रोज विचारायचे, काय जेवलास? आणि तू सांगायचास ते मी शेजारणींना कौतुकाने सांगत हिंडायचे. मला कशाला रे मूर्ख बनवलंस?"

सिन्योरने हातातली प्लेट खाली ठेवली. तो स्वयंपाकघरात गेला. नळ बराच वेळ वाहत होता. गौरी उठली, तर काकूंनी तिला बसवलं आणि स्वतः आत गेल्या. कुलकर्णी प्लेटमध्ये मान घालून बसले. थोड्या वेळाने ग्वांचाले तळल्याचा वास आला. मी डोकावले. सिन्योर नाक ओढत पॅन हलवत होता आणि काकू नाकाला पदर लावून त्याच्या शेजारी उभ्या होत्या. "करपेल ते, आच कमी कर," त्या म्हणाल्या. शेगडीजवळ कुणाला फिरकू न देणाऱ्या सिन्योरने मुकाट्याने कमी केली.

पुढे त्याला रेगेन्सबर्गला नोकरी मिळाली. सुटलो, असं आम्ही त्याच्या तोंडावर म्हणालो. पण नंतरच्या वसंतात आम्हाला कुणीच बोलावलं नाही आणि श्पार्गेल घरीच उकडून खाताना आम्ही दोघं उगाच चिडचिड करत राहिलो.

परवा त्याच्याकडे गेलो होतो. ऑलिव्ह तेलाच्या बाटलीला फोन टेकवून सिन्योरचं व्याख्यान चालू होतं. स्क्रीनवर सांगलीत काकू. तिकडे झोपायची वेळ उलटून गेली होती आणि त्या खुर्चीतच मान कलंडून झोपल्या होत्या. सिन्योरने ते पाहिलं, आवाज बारीक केला आणि मटार कधी सोडायचे ते सांगत राहिला.