सहा ट्रॅक्टर आणि लाल नेलपॉलिश

सहा ट्रॅक्टर ओळीनं उभे होते. सहाही ट्रॅक्टरांच्या डिझेल पंपावर माझ्या बायकोचं नेलपॉलिश लावलेलं होतं. ते मीच लावलं होतं, सकाळी नऊ वाजता, पंचांच्या समोर. आता साडेअकरा झाले होते. मी पहिल्या ट्रॅक्टरच्या पंपावरच्या लाल ठिपक्याला बोट लावलं, तर बोट लाल झालं.

नेलपॉलिश वाळायला पाच-दहा मिनिटं लागतात. अडीच तास लागत नाहीत.

मी कळंबला एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये सर्व्हिस इंजिनिअर आहे. माझे वडील तुकाराम यांना सगळे ‘तुका ड्रायव्हर’ म्हणायचे. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवले. आमच्या घरात डिग्री घेतलेला मी पहिला, आणि त्याचं बरंच श्रेय गुंडाप्पा आप्पांना आहे. वडील त्यांच्याकडे कामाला होते. ‘पोरगं दहावी होईस्तोवर त्याला स्टिअरिंगला हात लावू द्यायचा न्हाय,’ अशी आप्पांची वडिलांना सक्त ताकीद होती. म्हणून आप्पांच्या गावातून शोरूमला फोन आला, की जत्रेतल्या ट्रॅक्टर शर्यतीला तपासणीसाठी इंजिनिअर पाठवा, तेव्हा मीच जातो म्हणालो. गावाचं नाव इथं लिहीत नाही. मला तिथं पुन्हा जायचं आहे.

शर्यत साधी असते. हरभरा काढून मोकळं झालेलं रान, दुसऱ्या टोकाला कडुलिंबाचं झाड. ट्रॉली न जोडता ट्रॅक्टर पळवायचा, लिंबाला वळसा घालायचा आणि परत यायचं. नियम एकच. ट्रॅक्टर ‘कंपनी फिटिंग’ पाहिजे, म्हणजे शोरूममधून निघाला तसाच. टायर मोठे घालायचे नाहीत, पुढं लावलेली लोखंडी वजनं काढायची नाहीत, आणि मुख्य म्हणजे डिझेल पंपाच्या स्क्रूला हात लावायचा नाही.

हा स्क्रू काय असतो ते सांगतो. डिझेल इंजिनाला डिझेल देणारा पंप असतो. त्या पंपात गव्हर्नर नावाची व्यवस्था असते. इंजिन ठरावीक वेगाच्या वर जायला लागलं की गव्हर्नर डिझेल कमी करतो. घरात शिस्त लावणारा एक मोठा माणूस असतो ना, तसा. हा स्क्रू थोडा फिरवला की तो मोठा माणूस जरा ढिला पडतो. ट्रॅक्टर जास्त पळतो, पण इंजिनाचं आयुष्य कमी होतं, आणि वळणावर उलटायची भीती वाढते.

आदल्या वर्षी याच स्क्रूवरून भांडण झालं होतं. हरलेल्यांनी जिंकलेल्याचं बॉनेट उघडलं, मग जिंकलेल्यानं हरलेल्यांची बॉनेटं उघडली, मग डोकी उघडायची वेळ आली. सरपंच सुनीताताईंनी यंदा सकाळीच माईकवरून सांगितलं होतं, “यंदा एकबी तक्रार आली तर शर्यत कायमची बंद. त्या रानात बायांची संगीत खुर्ची घेऊ. तिथं चुरसबी असती आन् बॉनेट उघडावं लागत न्हाय.”

लोक हसले, पण ताई हसल्या नाहीत. गावातल्या ज्या गोष्टी त्यांनी बंद करते म्हटल्या, त्या बंद झाल्या होत्या. निघताना आमचे मॅनेजरही म्हणाले होते, “आपला बॅनर लागलाय तिथं. भांडण झालं तर फोटोत बॅनर येतो, लक्षात ठेव.”

तेव्हा मी तपासणी मनापासून केली. टॅकोमीटर नावाचं एक यंत्र असतं. इंजिनाच्या पुलीला चकाकती पट्टी चिकटवायची, तिच्यावर यंत्राचा प्रकाश मारायचा, की इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दिसतं. सहाही ट्रॅक्टर बरोबर निघाले. मग प्रत्येक स्क्रूवर रंगाचा ठिपका लावायचा होता. आमच्या वर्कशॉपची ही रीतच आहे. स्क्रू हलला की वाळलेला रंग तडकतो आणि चोरी पकडली जाते. पण रंगाचा मार्कर मी शोरूममध्येच विसरलो होतो. गाडीच्या कप्प्यात बायकोची नेलपॉलिशची बाटली सापडली. लाल. मी सहा ठिपके लावले आणि स्वतःवर खूश झालो.

मग स्टेजजवळच्या मांडवात आप्पांच्या पाया पडायला गेलो. शेजारी त्यांचे जुने दोस्त रसूलचाचा बसले होते. दोघांनीही सत्तरी ओलांडलेली. या गावातली पहिली ट्रॅक्टर शर्यत या दोघांमध्येच झाली होती, कारण तेव्हा गावात ट्रॅक्टरच दोन होते.

“माधवा,” आप्पा म्हणाले, “तू शिकलेला हैस म्हणून इच्यारतो. आता शर्यतीत पयल्यासारखी चुरस राहिली का?”

मी म्हणालो, “आप्पा, खरं तर आता जास्त असायला पाहिजे. सगळे ट्रॅक्टर सारख्या ताकदीचे. पहिला आणि शेवटचा यांच्यात चार हातांचं अंतर पडत नाही. तुमच्या वेळी किती पडायचं?”

“एक वावर,” रसूलचाचा म्हणाले.

“वावर पडू दे न्हायतर शीव पडू दे,” आप्पा म्हणाले. “तवा माणूस पळवायचा ट्रॅक्टर. आता ट्रॅक्टर पळवतो माणसाला. समदे एकसारखे. जो फुडं निघाला तो फुडंच ऱ्हातो. मागच्यानं धूर खायाचा. ह्याला काय शर्यत म्हंत्यात व्हय?”

मला हे पटलं नाही. पण ज्यांच्यामुळं शिकलो त्यांच्याशी किती वाद घालायचा? मी बायकोसाठी बांगड्या बघायला जत्रेत गेलो.

बांगड्यांच्या दुकानात शमाभाभी होत्या. कळंबच्याच, ओळखीच्या. त्यांनी मला बघितलं आणि म्हणाल्या, “क्या साब, तुम्हाला पण लालच पायजे का?”

“काय लाल?”

“नेलपॉलिश. आज सकाळपासून सहा माणसं घेऊन गेली. लाल म्हंजे लालच, दुसरा रंग नको म्हणत्यात. सगळे मिशीवाले. एकाला म्हटलं, भाऊ, बायकोच्या हाताचा रंग कसा आहे? तर म्हणतो, हात न्हाय, पंप.”

मी बांगड्या तिथंच ठेवल्या आणि रानाकडं पळालो. पुढचं तुम्हाला माहीत आहे. बोट लाल झालं.

पुन्हा टॅकोमीटर लावला. पाच ट्रॅक्टरांची इंजिनं सकाळपेक्षा कितीतरी जोरात फिरत होती. सहावं मात्र बरोबर होतं. त्याच्या मालकानं, बाळूनं, नेलपॉलिश घेतलं होतं, पण पाना चुकीच्या मापाचा लावून स्क्रू आवळून धरणाऱ्या नटाचे कोपरेच गोल करून टाकले होते. तो नट आता कुणालाच फिरवता येत नव्हता. सहाजणांत प्रामाणिक तेवढा एक, तोही नाइलाजानं.

मी सुनीताताईंना बाजूला बोलावलं आणि बोट दाखवलं.

“पाचजणांना बाद करता येईल,” मी म्हणालो. “नियमानं तेच बरोबर.”

“मग बाळू एकटाच पळणार व्हय? आन् हे पाचजण काय हरिपाठ म्हणत बसत्याल? आत्ता भांडण हुईल. आत्ता!”

“मग काही बोललो नाही तर?”

“तर शर्यत झाल्यावर हुईल.”

आम्ही दोघं आप्पांकडं गेलो. मला वाटलं, आप्पा म्हणतील, आमच्या वेळी असं नव्हतं. ते तसंच म्हणाले.

“आमच्या येळंला असली लबाडी नव्हती. मला रसूलचा भरवसा न्हाय आन् रसूलला माझा न्हाय. म्हणून आमी काय केलं? ट्रॅक्टर बदलून पळवले. माझा त्यानं, त्याचा म्या. मग सांग, कशाला कोण आपला ट्रॅक्टर जोरात करंल? त्यावर दुसराच बसणार!”

ऐकता ऐकता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी म्हणालो, “ताई, हेच करू.”

तेवढ्यात रसूलचाचा खोकले. खोकण्यासारखं काही झालं नव्हतं.

“काय झालं रं?” आप्पा म्हणाले.

“काय न्हाय.”

“रसूल.”

“आता कायकू इच्यारतो आप्पा, इतकी वर्सं झाली.”

“काय केलतंस?”

चाचांनी टोपी सारखी केली. “तुला द्यायच्या आदी म्या माझ्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकातली हवा सोडली हुती. थोडीशीच.”

आप्पांनी मान वळवून चाचांकडं बघितलं. मग आप्पा हळूच म्हणाले, “म्हणून त्यो डावीकडं वढत हुता व्हय... अय्यो. आन् म्या आजपर्यंत म्हनतोय माझंच वळण चुकलं.”

“माफ कर आप्पा.”

“माफ कशाला? म्याबी माझ्या ट्रॅक्टरचा ब्रेक घट्ट करून दिला हुता तुला. तरीबी तू जिकलास, हरामखोरा.”

दोघं हसायला लागले ते थांबेनात. सुनीताताई कपाळाला हात लावून उभ्या होत्या. पण मी अजून विचारच करत होतो, कारण चाचांनी एक मोलाची गोष्ट सांगितली होती. आपला ट्रॅक्टर दुसऱ्यालाच जाणार हे नक्की असलं, तर माणूस तो जोरात करत नाही, मुद्दाम अडवतो. त्यावर उपाय हवा होता. तो सोपा होता. चिठ्ठ्या टाकायच्या, आणि त्यात स्वतःचा ट्रॅक्टर स्वतःलाही लागू शकेल असं ठेवायचं. चांगला केला तर दुसऱ्याला जायची भीती, वाईट केला तर आपल्यालाच यायची भीती. मग उरतं फक्त कंपनी फिटिंग.

ताईंना हे समजायला अर्धं मिनिट लागलं. त्यांनी माईक घेतला.

“ऐका. यंदा ट्रॅक्टर चिठ्ठीनं मिळणार. ज्याला जो लागंल त्यानं तो पळवायचा. सोताचा लागला तर सोताचा. ज्याला मान्य न्हाय त्यानं हितं स्टेजवर यावं आन् का मान्य न्हाय ते समद्या गावाला सांगावं.”

कुणी आलं नाही.

“चिठ्ठ्या एक तासानं. तवर कुणाला आपल्या ट्रॅक्टरचं काय बारीकसारीक काम करायचं आसंल तर करून घ्या. इंजिनिअर सायेब चहाला चाललेत. ते हिकडं बघणार न्हाईत.”

मी चहाच्या टपरीवर रानाकडं पाठ करून बसलो. मागून पान्यांचे आवाज येत होते. इतकी तत्पर सर्व्हिस मी आमच्या वर्कशॉपमध्ये कधी बघितली नाही. मध्येच शमाभाभींनी त्यांच्या दुकानातून ओरडून विचारलं, “साब, आता हे लोक रिमूव्हर मागत्यात! देऊ का?”

“द्या,” मी पाठ न वळवता म्हणालो.

तासाभरानं टॅकोमीटर लावला. सहाही ट्रॅक्टर बरोबर, सकाळपेक्षाही जास्त बरोबर. चाकातली हवासुद्धा सारखी होती. सहाही ठिपके ताजे आणि नीट गोल होते. एकानं तर माझ्यापेक्षा सुबक लावला होता.

चिठ्ठ्या निघाल्या. स्वतःचा ट्रॅक्टर कुणालाच लागला नाही. बाळूला दत्ताचा लागला. दत्ता म्हणजे आदल्या वर्षी ज्याचं बॉनेट सगळ्यात आधी उघडलं गेलं तो. बाळू आणि तो तेव्हापासून बोलत नव्हते. दत्तानं चावी बाळूच्या हातात दिली आणि फक्त एवढंच म्हणाला, “क्लच दाबून धरू नको.”

शर्यत सुटली आणि आप्पा बसलेले उठून उभे राहिले. परक्या ट्रॅक्टरची कुणालाच सवय नव्हती. कुणाचा क्लच वरून सुटायचा, कुणाचा ब्रेक खालून लागायचा. लिंबाच्या वळणावर पहिला होता तो पाचवा झाला, चौथा होता तो पहिला झाला. लोक दोरीच्या आत यायला लागले. ताई माईकवरून “मागं व्हा, मागं व्हा” म्हणत होत्या आणि स्वतःच दोरीच्या पुढं गेल्या होत्या. शेवटच्या शंभर पावलांत तिघं एका ओळीत होते. बाळू पुढच्या चाकाएवढ्या अंतरानं पहिला आला. दत्ता तिसरा.

दत्ता ट्रॅक्टरवरून उतरला आणि सरळ बाळूकडं चालू लागला. ताईंनी माईक तोंडाजवळ नेला. मी आमच्या बॅनरकडं बघितलं.

दत्तानं ट्रॅक्टरच्या बॉनेटवर थाप मारली आणि गावाकडं वळून ओरडला, “बघितला का माझा ट्रॅक्टर?”

“ट्रॅक्टर कुणाचाबी आसू दे,” बाळू वरूनच म्हणाला. “हात माझे हैत.”

“चाक कुणाचं म्होरं होतं?”

“वळवलं कुणी?”

मग कुणीतरी दोघांवरही गुलाल टाकला. बक्षिसाची ढाल कुणाची यावर पंच बसले आणि ठरलं, की सहा महिने ट्रॅक्टरवाल्याकडं, सहा महिने चालवणाऱ्याकडं. दत्ता जिंकला होता आणि बाळूही जिंकला होता. तक्रार करायला कुणी उरलंच नाही. सुनीताताईंनी माईकवरून जाहीर केलं, की संगीत खुर्ची दुसरीकडं होईल.

निघताना मी आप्पांना विचारलं, “कशी झाली?”

“बरी झाली,” आप्पा म्हणाले. “पण आमच्या वेळंसारखी न्हाय.”

“व्हय,” रसूलचाचा म्हणाले. “हवाच सोडली न्हाय कुणी.”

या नोकरीत मी बरीच सीलं लावली आहेत, शिशाची, तारेची, रंगाची. त्या दिवशी कळलं, की माणसाच्या स्क्रूवर सील बसत नाही. आपला ट्रॅक्टर शेजाऱ्याच्या हातात जाणार, किंवा फिरून आपल्याच वाट्याला येणार, हे दोन्ही एकदम कळलं, की तो आपणहून कंपनी फिटिंगवर येतो.

बायकोची बाटली मात्र मी रिकामी केली होती. तसलीच घ्यायला शमाभाभींकडं गेलो.

“लाल संपला साब,” त्या म्हणाल्या. “शर्यत चालू राहणार ना? मग पुढच्या जत्रेला दोन डझन आणते.”