हरवलेल्या मोठ्यांचा तंबू

वयाच्या चौतिसाव्या वर्षी, भर दुपारी, मी सुरतेत हरवलो. मी कुठं उभा आहे हे मला नीट ठाऊक होतं. पण मोठ्यांपैकी हरवलेलं कोण, हे ठरवायचा अधिकार त्या दिवशी लहान मुलांकडे होता!

गोष्ट नव्वदच्या दशकातली. शहरातल्या शाळकरी मुलांनी मैदानावर मोफत कलाजत्रा भरवली होती. चित्रं त्यांची, नाटकं त्यांची, नियमही त्यांचेच. आमची दहा वर्षांची वैशाली समितीत होती आणि चार वाजता स्वतः लिहिलेली गोष्ट मराठीतून सांगणार होती. तिची आई बाळंतपणाला माहेरी गेलेली. घरात आम्ही दोघंच. सकाळपासून तिचं एकच बजावणं चाललं होतं, "पप्पा, पहिल्या रांगेत बसा. ओळखीचं कुणी दिसलं नाही तर मी विसरते."

दारातच तिला कुणीतरी कामाला ओढून नेलं. मी एकटाच मंच शोधत निघालो. तोच दंडावर लाल फीत बांधलेली दोन पोरं आडवी आली. मोठ्यांनी लहान मुलाचा हात धरूनच फिरायचं, असा नियम होता. तुमच्याबरोबर कोण आहे, असं त्यांनी गुजरातीत विचारलं. मी माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं. दोन्ही रिकामे. मग त्यांनीच मला बोटाला धरून हरवलेल्या मोठ्यांच्या तंबूत पोहोचवलं. घरचं मूल न्यायला आलं, तरच तिथून सुटका.

तिथं एक आजोबा आधीच हरवून झोपले होते. मला पाणी आणि एक बिस्किट मिळालं. वहीवाल्या मुलीनं नाव-गाव विचारलं. आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मीच. माहिती द्यायची म्हटलं की आपोआप पाठ ताठ होते. (पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधली कारकुनी याच ताठ पाठीवर मिळाली.) म्हणालो, "बी. एन. पाटील, बी.ए., तालुका अमळनेर, जिल्हा जळगाव." सुरतेत, याच पांडेसऱ्यात, अकरा वर्षं राहतोय, हे सांगायचं सुचलंच नाही. गाव विचारलं की आम्ही खानदेशी माणसं गावच सांगतो.

भोंगा गरजला, "अमळनेरथी आवेला बी.ए. पाटील अंकल खोवाई गया छे." अमळनेरहून आलेले पाटील अंकल हरवलेत, असं तीनदा गरजला. आजोबांना न्यायला दोन नातवंडं आली आणि घोरणं ऐकून, थोडा वेळ झोपू द्या म्हणून परत गेली. मला न्यायला कुणीच आलं नाही.

चारला कापडापलीकडून वैशालीचा आवाज आला. चार-पाच वाक्यं झाली आणि ती थांबली. पहिली रांग शोधत असणार. मला ती गोष्ट पाठ होती. मी उठून पुढचं वाक्य जिवाच्या आकांतानं ओरडलो. तिला ते ऐकू गेलं नाही, आजोबांना गेलं. वहीवाल्या मुलीनं माझ्या नावापुढं 'ओरडतात' असं लिहिलं आणि आणखी एक बिस्किट दिलं.

मग वैशाली आपली आपणच पुढं बोलू लागली. शेवटी टाळ्या झाल्या. मीही तंबूत वाजवल्या.

पाच वाजता ती मला शोधत आली.

"भोंगा ऐकला नाहीस का गं?"

"ऐकला ना. मला वाटलं, गावाकडचे कुणी आलेत. आपण तर पांडेसऱ्याचे."

"आणि गोष्ट?"

"विसरले होते. मग आठवली."

वहीवाल्या मुलीनं अमळनेर खोडून पांडेसरा लिहिलं आणि वैशालीची सही घेतली. अशा रीतीनं मी कागदोपत्री सुरतेचा झालो. (रेशनकार्ड अजून गावालाच होतं.) वहीत माझ्या वरच्या ओळीत एक डावी चप्पल होती. तिला न्यायला माझ्या आधी माणूस येऊन गेला होता!