हललेला फोटो

मामाच्या चित्रातल्या माणसाच्या कोटाची बटणं मोजून घ्यावीत, इतका त्याचा हात सफाईदार होता. टक्कल थोडं झाकून, नाक जरासं सरळ करून तो गिऱ्हाइकाला देखणं करून द्यायचा, आणि गिऱ्हाईकही वर तोंड करून "अगदी हुबेहूब" म्हणायचं. मग आमच्या रस्त्यावर फोटोचा स्टुडिओ निघाला. मामाचं सहा बैठकांचं काम यंत्र सोळा सेकंदांत करू लागलं, तेही टकलासकट. वर्षभरात मामाकडे कुणी फिरकेनासं झालं.

दुसरा कुणी हातपाय गाळून बसला असता. मामा त्याच स्टुडिओत कामाला लागला. मागचे पडदे रंगवायचे, फोटोतल्या गालांवर गुलाबी रंग भरायचा, आणि लहान मूल असलं की अंगावर काळं कापड घेऊन खुर्चीमागे लपायचं नि मुलाला कमरेशी घट्ट धरायचं. तेव्हा फोटो काचेवर उतरायचा; मूल हललं की काच वाया.

आई आम्हा दोघी बहिणींना तिथे घेऊन गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि धाकटी चार. तिला घरात सगळे भिंगरी म्हणायचे, ते काही उगाच नाही. मान हलू नये म्हणून माझ्या मानेमागे लोखंडी चिमटा लावला आणि मी ओंडक्यासारखी बसले. भिंगरीला मामाने धरलं होतं. निम्मा वेळ गेला असेल नसेल, कापडाखाली कोण आहे ते तिच्या लक्षात आलं. ती खुदकन हसली आणि मामाचा हात सैल पडला. कामात मुरलेला माणूस, पण भाचीच्या हसण्यापुढे त्याचं काही चालायचं नाही.

काचेवर मी चोख उतरले. माझ्या शेजारी, चेहरा असायला हवा तिथे, नुसता धुरकट पट्टा. आई वैतागली. "जरा स्थिर बसली असतीस तर काय बिघडलं असतं गं?" पुन्हा काढू, पुन्हा काढू म्हणत ते राहून गेलं, आणि तीन महिन्यांनी भिंगरी तापाने गेली.

तिचा दुसरा फोटो नव्हता. आई मामाला म्हणाली, "दादा, मला तिचा चेहरा काढून दे. तुला तर तो पाठ आहे." मामाने मान डोलावली. हात आपण सोडला, हे त्याला आतून खात होतं.

पहिल्या चित्रात नाक, डोळे, हनुवटीवरचा तीळ, सगळं जागच्या जागी होतं. आई बराच वेळ बघत राहिली. "आहे तिच्यासारखी. पण ही गप्प बसलेली कोण?" दुसऱ्या चित्रात मामाने हसू घातलं, तिसऱ्यात केस विस्कटले. आईने तिन्ही चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवली. मला आईचाच राग आला होता. माणूस जीव ओतून काढतोय आणि हिचं समाधान म्हणून होत नाही.

मग मामाने स्टुडिओतून ती वाया गेलेली काच मागून आणली आणि खिडकीच्या उजेडात धरून दिवसभर बघत बसला.

"त्यात काय बघायचंय, मामा? ती दिसतच नाही."

"नाक-डोळे टिपायला आता यंत्र आहे. ते माझ्याहून चांगलं टिपतं," तो म्हणाला. "पण हे बघ. इथून निघाली, इथे हसली, इथे माझ्याकडे वळली. एका जागी बसलेली तू तिला कधी पाहिलीस का?"

मी आठवून पाहिलं. नव्हती पाहिली.

जन्मभर गुळगुळीत रंगवणाऱ्या त्या माणसाने जाड ब्रश घेतला. एका चेहऱ्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, कुठेच कड नाही. आणि खाली, काळ्या कापडातून आलेली स्वतःची सैल पडलेली बोटं. ती त्याने लपवली नाहीत. स्टुडिओचा मालक म्हणाला, "हात बिघडला वाटतं तुमचा." पुढे तरुण चित्रकार ते चित्र बघायला येऊ लागले, नव्या चित्रकलेबद्दल बरंच काही बोलू लागले. मामा त्यांना चहा पाजून ऐकून घ्यायचा. मला त्यातलं फारसं कळत नाही. पण पन्नाशीच्या माणसाने हातातलं कसब बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून बघायला शिकायचं, याला छाती लागते, एवढं कळतं.

चित्र आईला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा रंग अजून ओला होता. मामा दाराशीच उभा राहिला. "हात मी सोडला होता गं," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

आईने ती बोटं पाहिली. "बरं झालं सोडलास."

मग ती चित्राकडे वळली आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "हल बाई, हवी तेवढी हल."