दुसऱ्यांदा दिलेली दवंडी

प्रवरेकाठच्या त्या गावात माईकवरची दवंडी दोनदा होते. पहिल्यांदा लोक टीव्ही बारीक करतात, कुत्रं हाकलतात, "काय म्हनतोय गं?" असं शेजारी विचारतात. ऐकतात ते दुसऱ्यांदा.

शांतवनमामांना हे तीस वर्षांच्या शिपाईगिरीत पक्कं ठाऊक झालं होतं. निवृत्तीनंतरही ग्रामपंचायतीचा माईक त्यांच्याकडेच राहिला, कारण तितकं स्वच्छ वाचणारं गावात कुणी नव्हतं. रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठही तेच वाचत. त्यांच्या दवंडीत कोण, कुठं, किती वाजता, एवढंच असे. कुणी वारलं तरी ते 'दुःखद' म्हणत नसत. "दुःख ज्याचं त्याला कळतं," म्हणायचे, "मातीची वेळ तेवढी सांगावी."

त्या सकाळी उपसरपंच कल्याणने त्यांच्या हातात कागद दिला. खाली पंचायतीचा शिक्का होता. शिक्का दिसला की मनाशी न वाचता सुरुवात करायची, ही मामांची जुनी खोड.

"ग्रामस्थांनो! गावाच्या अस्मितेवर घाव घालायला एक नागीण आपल्यातच फणा काढून बसली आहे. वेशीवरची कमान म्हणजे आपली आई! आईला आडवी येणाऱ्या छबूबाईच्या गिरणीत, या मातीचं रक्त अंगात असणाऱ्या कुणीही पाऊल ठेवू नये. उद्या दहा वाजता ग्रामसभा."

'नागीण' शब्दाला मामा अडखळले, पण सवयीने वाक्य पुरं झालं. छबूबाईंनी केलं काय होतं? मागच्या सभेत कल्याणने वेशीवर नवी कमान बांधायचा ठराव मांडला, तेव्हा उठून एवढंच विचारलं होतं, "पान्याची टाकी गळतीय, तिचं काय? का कमानीखालनं रिकामे हंडे न्यायचे?" लोक हसले होते. कल्याणला ते हसणं झोंबलं होतं. एका सरळ प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून आई, माती आणि रक्त कामाला लावलं होतं! आणि एका विधवेच्या पोटावर पाय द्यायला आवाज मामांचा.

"झ्याक!" कल्याण म्हणाला. "आता दुसऱ्यांदा जरा ताणून, मामा. बायांच्या डोळ्यात पानी आलं पायजे."

मामांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"ग्रामस्थांनो, उद्या दहा वाजता ग्रामसभा आहे. विषय दोन, कमान आणि गळकी टाकी. टाकीचा प्रश्न छबूबाईंनी विचारला आहे. त्यांनी गावाचं काही वाईट केलेलं नाही. मघाशी वाचलं ते खोटं होतं. मी वाचायला नको होतं."

कल्याणने वायर उपटली. "माईकच्या खोलीची चावी ठिवा हितं! पंचायतीचं खाऊन पंचायतीवरच उलटता व्हय?"

"चावी घे," मामा म्हणाले. "पन पुढच्या वेळी तुझं तू वाच. निदान आवाज तरी तुझा असंल."

घरी जाऊन त्यांनी बाजरीचा डबा डोक्यावर घेतला आणि भर पेठेतून गिरणी गाठली. एरवी सकाळी तिथं डब्यांची रांग असे. आज छबूबाई एकट्याच बंद पट्ट्याकडे बघत बसल्या होत्या.

"नागिनीच्या दारात कशाला आले, मामा?"

"दळान आनलंय."

"पयल्यांदा तुमीच वाचलं ना? सोताच्या तोंडानं?"

"व्हय. मीच वाचलं."

"तीस वर्सं तुमच्या आवाजावर आमी चुली पेटवल्या. आवाज म्हनला पानी सुटनार, की हंडे मांडले. आन त्याच आवाजानं मला नागीन म्हनलं. माफी मागून ते कानातनं निघतंय का?"

मामांनी डोक्यावरचा डबा उतरवून रांगेच्या जागी ठेवला.

तेवढ्यात शेजारच्या राहीबाई डबा घेऊन दारात आल्या. "गिरनी बंद का गं?"

"दवंडी ऐकली न्हाई?"

"ऐकली की, दुसरी. पयली कोन ऐकतं?" राहीबाईंनी मामांच्या डब्यामागे आपला डबा टेकवला आणि डोळे मिचकावले. "आन काय गं, कमान आई, तर टाकी काय सावत्र?"

छबूबाई हसल्या नाहीत. उठून त्यांनी बटण दाबलं आणि पट्टा फिरू लागला. मामांची बाजरी गिरणीच्या तोंडात ओतता ओतता त्या ओरडून म्हणाल्या, "उद्या सभंला या. माईक देनार न्हाईत तुमाला. बिनमाईकाचं बोला. दोनदा!"