दाराला लागलेली हळद

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या कामात चिडकं माणूस लागतंच, असं माझं ठाम मत आहे. अवकाशातून माणसं घेऊन आलेलं यान समुद्रातून उचलून आमच्याकडे आणतात, तेव्हा ते खाऱ्या पाण्याने माखलेलं आणि बाहेरून करपलेलं असतं. ते धुवायचं, उकलायचं, भाग न् भाग तपासायचा आणि पुन्हा त्यात माणसं बसवून पाठवायचं. माझ्याकडे त्याचं दार असतं. दार, त्याची चौकट आणि दोघांच्या मधलं रबरी सील. बाहेर हवा नाही, आत चार माणसं आणि मध्ये माझं दार. तिथे साधा केस दिसला तरी मी आख्खा फ्लोअर डोक्यावर घेते. माझी टीम पाठीमागे मला काय म्हणते ते मला माहीत आहे. म्हणू देत.

त्या वर्षी आई नागपूरहून फ्लोरिडाला आली ती एकाच गोष्टीसाठी. मी तयार केलेलं दार उडताना तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. आई गणिताची निवृत्त शिक्षिका. आमच्या वस्तीतल्या विहारात ती दहावीच्या मुलींचा वर्ग घेते, आणि तो बुडवणं तिला जेवण टाकण्यापेक्षा मोठं पाप वाटतं. उड्डाण शनिवारी होतं, तिचं परतीचं तिकीट मंगळवारचं. "तुझं यान मागेपुढे झालं तरी मी थांबणार नाही हं," असं तिने येण्याआधीच फोनवर बजावलं होतं.

उड्डाणाला दहाएक दिवस असताना शेजारणीने तिच्या झाडाच्या पिशवीभर कैऱ्या आणून दिल्या. झालं! आईच्या अंगात लोणचं संचारलं. मी चमचा हातात घेतला तर ओरडली, "अगं, चमच्याने कधी लोणचं कालवतात का? हात घाल!" घातला बापा. हळद, मोहरी, तेल, सगळं मनगटापर्यंत. नंतर साबणाने खसाखसा हात धुतले, तरी नखं पिवळीच राहिली. राहू देत म्हटलं, कामावर हातमोजे असतातच.

दुसऱ्या दिवशी चौकटीची तपासणी होती. धातूतली बारीक भेग डोळ्यांना दिसत नाही. म्हणून एक पातळ द्रव लावतात, तो भेगेत शिरतो. मग वरचा पुसून घ्यायचा, अंधार करायचा आणि जांभळा दिवा धरायचा. भेग असेल तर पिवळट हिरवी रेघ उजळते. दिवा फिरत फिरत चौकटीच्या खालच्या कडेला आला आणि तिथे एक रेघ उजळली. छोटीशीच, पण लख्ख.

भेग म्हणजे चौकट बदलणं, म्हणजे कित्येक महिने. शनिवार गेला, आईचं बघणं गेलं. आणि मी घाबरले की आधी चिडते. तपासणीसाठी जमिनीवर आखलेल्या पट्ट्याबाहेर आले, हातमोजे ओढून काढले आणि सुरू झाले. पुसलं कोणी? नीट पुसलं होतं का? मागच्या वेळी हीच कड कोणी पाहिली होती? एकेकाकडे बोट रोखून विचारत होते. दिवा धरलेली मुलगी तर माझ्या तोंडाकडे बघतही नव्हती, ती माझ्या बोटाकडे बघत होती.

मग मीही पाहिलं. त्या जांभळ्या उजेडात माझी पाचही नखं काजव्यासारखी चमकत होती. अगदी त्याच रंगात.

हळद! तीही त्या दिव्यात तशीच उजळते. हातमोजे चढवताना बोटं त्यांना बाहेरून लागली असणार, आणि दिवा लावण्याआधी कडेवरून एकदा बोट फिरवून बघायची माझी खोड. मी काय ते सांगितलं. आणि मग जो हशा पिकला! केसावरून सगळ्यांना फाडून खाणाऱ्या बाईने स्वतः यानाला लोणचं लावलं होतं. मलाही हसू आवरेना. दिवाच हलायला लागला, इतकी ती मुलगी हसत होती.

मॅनेजर म्हणाला, "मग पुसून टाका, संपलं."

हो म्हणायला जीभ अगदी टोकावर आली होती. पण हळदीखाली भेग नाही, हे कोण सांगणार? मी? ज्या बाईची हळद, तिचीच साक्ष? मी म्हटलं, "नाही. सगळं धुवायचं, द्रव पुन्हा लावायचा, पुन्हा बघायचं. तेलाचा हात लागलाय तर सीलही नवं. आणि मग हवेची गळती पहिल्यापासून तपासायची." मॅनेजरने कॅलेंडर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उड्डाण शनिवारनंतरच्या गुरुवारवर ढकललं. आईचं विमान मंगळवारी.

घरी येऊन आईला सांगितलं. आधी ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग मी गुरुवारचं सांगितलं तशी तिने डोळे पुसले. मी म्हटलं, "आई, पुसून सही केली असती तर तुला बघायला मिळालं असतं गं."

"आणि मग मी काय बघितलं असतं?" ती एकदम कडाडली. "चार लेकरं बसणार आहेत त्यात. ताळा न करता गणित सोडलेलं मी कधी चालवून घेतलंय?" आणि उठून तिने माझ्या भावाला फोन लावला. "तिकीट पुढे ढकल रे. माझ्या लोणच्याने यान अडवलंय, ते गेल्याशिवाय मी कशी येऊ? आणि वर्गाच्या मुलींना सांग, गुरुवारी संध्याकाळी विहारात बसा. वर्ग होईल, फोनवर होईल."

चौकट स्वच्छ निघाली. भेग नव्हती. नवं सील बसलं, हवा कुठेही गळली नाही. शेवटच्या बैठकीत एकेकाला विचारतात, तुमच्या बाजूने तयार? माझी पाळी आली तेव्हा मी जरा जास्तच मोठ्याने हो म्हटलं.

गुरुवारी सकाळी आम्ही खाडीच्या काठावर उभ्या होतो. आईच्या हातातल्या फोनवर विहारात दाटीवाटीने बसलेल्या मुली, तिकडे दिवेलागण झालेली. रॉकेट उठलं, आवाज छातीवर आदळला, काठावरचे लोक नाचायला लागले, टाळ्या, शिट्ट्या! फोनमधूनही किंचाळ्या आल्या. आई फोनवर खेकसली, "थांबा गं! आत्ताच टाळ्या नाहीत. अजून दाराची परीक्षा व्हायची आहे."

मुली चिडीचूप. लोक खुर्च्या आवरायला लागले. आई मान वर करून रिकाम्या आभाळाकडे बघत होती आणि तिने माझा हात दुखेपर्यंत दाबून धरला होता. शेवटी लाउडस्पीकरवर सांगितलं, यान कक्षेत पोचलं, केबिनमधला हवेचा दाब व्यवस्थित आहे. मी आईला मराठीत सांगितलं.

"टिकलं?"

"टिकलं, आई."

तिने फोन तोंडाजवळ नेला. "हं. आता वाजवा."

आणि नागपूरच्या त्या विहारात मुलींनी माझ्या दारासाठी टाळ्या वाजवल्या. मी तिथेच गवतात बसून भोकाड पसरलं.