हिरव्या पत्रकातली दुसरी ओळ

शेतकऱ्याला जस्त विकणारा माणूस खत विकतो की वाढीचं औषध, हे तुमच्या मते कशावरून ठरावं? पिशवीत काय आहे त्यावरून, की सोबतच्या पत्रकात काय छापलंय त्यावरून?

मी चौदा वर्षांची असताना हा प्रश्न आमच्या मल्लेश्वरमच्या घरी नोटीस होऊन आला. जीएसटी अजून यायचा होता, एक्साईजचे दिवस होते. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शहराच्या टोकाला एक शेड होती. तिथे जस्त, बोरॉन, लोह अशी सूक्ष्म अन्नद्रव्यं मिसळून पिशव्या भरत. रविवारी मी स्कूटरवर त्यांच्या मागे बसून जायचे. पिशव्यांची तोंडं चिकटवणाऱ्या मशीनचा तो गरम प्लास्टिकचा वास आजही कुठे आला, की माझे पाय थांबतात.

खत म्हटलं तर कर नाममात्र. वाढ नियंत्रित करणारं औषध म्हटलं तर पूर्ण कर, तोही मागच्या वर्षांसकट. तसं ठरलं असतं तर शेड विकावी लागली असती. आणि नोटिशीला पुरावा म्हणून जोडलं होतं माझं पत्रक.

मी पत्रकांवरच वाढले. कृषी मेळ्यातून अण्णा ती पिशवीभर आणायचे आणि मी गोष्टी वाचाव्यात तशी वाचायचे. निपाणीकडच्या दुकानांसाठी मराठी पत्रक लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण अण्णांच्या मराठीत निम्मं कन्नड. पहिली ओळ त्यांनी सांगितली: ‘पानं पिवळी पडत असतील तर आधी माती तपासा.’ मला ती मिळमिळीत वाटली. दुसरी मी एका हार्मोनच्या पत्रकातून उचलली: ‘फुलोरा हवा तेव्हा, वाढ हवी तेवढी.’

“स्वल्प जास्तच झालं गं,” अण्णा म्हणाले, आणि हिरव्या कागदावर छापायला दिलं.

वकिलांकडे सोपा तोडगा होता. “सांगा, दुकानदारानं परस्पर छापलं. मिटलं.”

“मग नोटीस त्याला जाईल ना?” मी विचारलं.

“साहेब, हिला आवरा. घरातच विरोधी पक्ष होईल.”

“झालाच आहे,” अण्णा म्हणाले.

सुनावणीला त्यांनी मला शाळा बुडवून नेलं. अधिकाऱ्यांनी पत्रक पुढे सरकवलं. “हे तुमचंच?”

“आमचंच. ओळ खोटी आहे, माल खरा आहे. नमुना घ्या, तपासा.”

“आणि ही कोण?”

“लेखिका.”

अधिकारी माझ्याकडे वळले. “काय अम्मा, तुमच्या पावडरीनं फुलं हवी तेव्हा येतात?”

“नाही सर. जस्त कमी पडलं की रोप खुरटतं. ते भरून निघतं, एवढंच.”

“मग एवढंच का नाही लिहिलंस?”

मी पत्रकातली ती दुसरी ओळ पुन्हा वाचली.

तपासणीत जस्त सापडलं, बोरॉन सापडलं, खत ठरायला लागतं ते थोडं नत्र सापडलं, हार्मोन नव्हतं. काही महिन्यांनी निकाल आला: खत. शेड वाचली. घरात होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, झाल्या. मी माझी बाजूला सारली. सरकारनं स्वतःच्या करासाठी ती ओळ इतकी बारकाईनं वाचली होती. पण तिच्यावर विश्वास ठेवून ज्यांनी पिशवी घेतली, त्यांच्या वतीनं कोणीच नोटीस काढली नव्हती. हे मी जेवताना बोलून दाखवलं.

“सरी, ठीक आहे,” अण्णा म्हणाले, “मग आपणच काढू.”

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही बसनं निपाणीला गेलो आणि दुकानं पालथी घातली. एक दुकानदार वैतागला. “अहो, याच कागदावर माल खपतो. परत कसला घेताय?”

“म्हणूनच घेतोय.”

निम्मीच पत्रकं हाती लागली. बाकीची पिशव्यांबरोबर घरोघर गेली होती. आता शेड नाही, अण्णा जयनगरला आपल्या बहिणीशेजारी राहतात, आणि निपाणीचं कोणी भेटलं की पहिल्यांदा त्या कागदाची चौकशी करतात. तुम्ही त्या भागातले असाल, तर एकदा गोठ्यातलं फडताळ, बियाण्याचा डबा, जुन्या वह्या बघा. हिरवं पत्रक सापडलं तर त्यातल्या दुसऱ्या ओळीवर पेनानं काट मारा, आणि ते वाचून कोणी पावडर घेतली होती हे आठवत असेल, तर त्याला सांगा की ती ओळ खोटी होती.