माझ्या ताब्यातले डबे

माझ्या थोरल्या दिरांइतकं मन लावून न खाणारा माणूस नाशिकमध्ये दुसरा झाला नसेल. उपास करणारे पुष्कळ असतात, डाएट करणारे तर हल्ली घरोघर असतात, आणि दोघांचंही लक्ष घड्याळाकडे असतं. भाऊजींचं तसं नव्हतं. न खाणं त्यांनी नोकरीसारखं धरलं होतं. निवृत्तीनंतरची ही दुसरी नोकरी पहिलीपेक्षा जास्त त्रासाची होती, आणि तिच्यात साहेब मी होते. मला कोणी विचारलं नव्हतं.

पहिली नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात, तपासणी खात्यात. दुसऱ्यानं केलेल्या कामावरून बोट फिरवायचं आणि केसाएवढी चीर लागली तरी काम परत पाठवायचं. संध्याकाळी बसनं परतताना द्वारका चौकात उतरायचं, शेव-चिवड्याच्या पुड्या घ्यायच्या आणि घरी यायचं. घरी जाऊबाई कढई तापवून बसलेल्या. दोघांना मूलबाळ नव्हतं, संध्याकाळ खाण्यात जायची. टीव्हीवरच्या बातम्या संपेपर्यंत ताट रिकामं झालेलं असायचं. दोघांनाही शुगर निघाली तेव्हा त्यांनी चहा बिनसाखरेचा केला आणि त्याबरोबरचे लाडू तसेच चालू ठेवले. जाऊबाईंच्या आधी डोळ्यांवर आलं, मग किडन्यांवर. डायलिसिस करून परतताना त्या रिक्षा थांबवून कचोरी घ्यायच्या आणि भाऊजी त्यातली अर्धी खायचे. वर्षभरात त्या गेल्या.

तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर दुसऱ्या दिवशी भाऊजी तिसऱ्या मजल्यावरून आमच्या पहिल्या मजल्यावर उतरले. दोन्ही हातांत पिशव्या आणि पिशव्यांत स्टीलचे डबे. चिवडा, शेव, बेसनाचे लाडू, शंकरपाळे, घरात होतं नव्हतं ते सगळं. डबे ओट्यावर मांडून ते म्हणाले, “हे आजपासून तुझ्या ताब्यात. रोज संध्याकाळी पाचला मी येईन. एक वाटी फुटाणे द्यायचे, आणि काकडी नाहीतर पेरू. चिवडा फक्त रविवारी, एक मूठ. मूठ तुझी. माझी मूठ लाच खाते.”

मी म्हटलं, “अहो, स्वतःच्या घरात ठेवून कमी खा की. एवढे मोठे तुम्ही.”

“आमच्या खात्यात नियम होता. ज्यानं काम केलं त्यानं ते पास करायचं नाही. भूक माझी आहे, तर तपासणी दुसऱ्याची पाहिजे. मी काय वाटेल ते बोलेन, तू द्यायचं नाही. ह्या घरात नाही म्हणायला न लाजणारी तू एकटीच आहेस.”

हे कौतुक होतं की टोमणा, ह्यात मी शिरले नाही. डबे माळ्यावर टाकले.

नियम त्यांनी केला आणि दुसऱ्या आठवड्यापासून मोडायच्या वाटाही त्यांनीच शोधल्या. एकदा फोन आला, “वर दोन पाहुणे आलेत, दोन बशा चिवडा पाठव.” पाठवते कशाला, मी स्वतःच घेऊन गेले. सोफ्यावर खरोखर दोन माणसं अवघडून बसली होती. एक आमचा वॉचमन आणि दुसरा मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस. मी हलत नाही म्हटल्यावर भाऊजी समोर खुर्ची ओढून त्यांचं खाणं बघत बसले. “सावकाश खा. शेंगदाणे आधी संपवू नका, शेवटी पोहे नुसते उरतात.” मीटरवाला पुढच्या महिन्यात आमच्या जिन्यानं चढायलाच तयार नव्हता. लग्नांतही तीच तऱ्हा. खिशात पेरू घेऊन जायचे, प्रत्येक काउंटरपुढे हात मागे बांधून उभे राहायचे आणि रांगेतल्या लोकांना सांगायचे, “जिलबी घ्या, पाक आतपर्यंत गेलाय. गुलाबजाम घेऊ नका, मधे गोळी राहिलीय.” लांबूनच बघून सांगायचे आणि ते बरोबर निघायचं. स्वतः कोपऱ्यात पेरू खायचे, तोसुद्धा बियांसकट, सावकाश, पेरूवर राग असल्यासारखे.

सोसायटीत मात्र भलतंच पसरलं. बायको गेलेल्या थोरल्या दिराला धाकटी भावजय फुटाण्यांवर ठेवते. पाच वाजता जिन्यात कोणी भेटलं की भाऊजी मुद्दाम वाटी पुढे धरून चेहरा पाडायचे. समोरच्या बाईंनी हळदीकुंकवात सगळ्यांदेखत विचारलं, “जेवायला तरी घालता ना हो त्यांना?”

“सकाळी दोन भाकरी, रात्री दीड,” मी म्हटलं. “पाहिजे तर उद्यापासून तुमच्याकडे पाठवते.”

त्यांनी विषय बदलला. आमचे हे सोसायटीतलं बोलणं ऐकून घरी आल्यावर म्हणायचे, “दे की गं एखादा लाडू. मोठा भाऊ आहे माझा.” मी त्यांनाही फुटाणे दिले.

चेष्टा नसलेला दिवस एकच आला. जाऊबाईंचं वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी भाऊजी दारात उभे राहिले. दाढी वाढलेली. म्हणाले, “लाडू दे. आज नियम सांगू नकोस.” मी नाही म्हटलं. ते पायरीवर बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुझी जाऊ असती तर तिनं मला असं बसवलं नसतं.”

“नसतं बसवलं,” मी म्हटलं. “म्हणून त्या आज नाहीत.”

बोलले ते बोलले. ते खरं होतं आणि दुसरं कोणी बोलणार नव्हतं. भाऊजींनी मान हलवली, कठडा धरून उठले, “पास,” म्हणाले आणि वर गेले. संध्याकाळी पाचला वाटी घेऊन हजर.

एवढं करूनही उशीर झालेलाच होता. नव्या चपलेनं पायाला फोड आला आणि तो त्यांना कळला नाही. केसाएवढी चीर बोटाला लागणाऱ्या माणसाला स्वतःच्या तळपायातली जखम वास यायला लागेपर्यंत समजली नाही. आधी अंगठा काढला, नंतर अर्धं पाऊल. दवाखान्यात नांदगावहून मोठ्या नणंदबाई आल्या. फडक्यात पुरणाचे मांडे बांधून आणलेले. पलंगावरच्या भावाकडे बघून त्यांनी माझ्यावर तोंड सोडलं.

“खायच्या डब्याला पहारा बसवला म्हणे तुम्ही. लय ऐकलं होतं, आज डोळ्यांनी बघितलं. हाडं राहिलीत माझ्या भावाची. असं कुनी वैऱ्याला करत नाय.”

पाय कशानं गेला ते सांगायला मी डॉक्टर नाही. भाऊजीच म्हणाले, “आक्का, तिला बोलू नको. पहारा मी नेमलाय.” मग मांड्यांकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “ते तिच्याकडे दे.” आक्कांनी पुडकं माझ्या हातात दिलं आणि भिंतीला टेकून रडल्या. आमच्या ह्यांनी त्यांना चहाला नेलं. मांडे मी नर्सबायांना वाटले.

पुढे किडन्या गेल्या. डायलिसिसला भाऊजी नाही म्हणाले. “तिचं सगळं बघितलंय. मला नको.” डॉक्टरांनी मला आणि ह्यांना बाहेर बोलावलं, घरी न्या म्हणाले, आणि वर म्हणाले, “आता काय आवडेल ते खाऊ द्या.” हे वाक्य घराघरात एकदा तरी ऐकलेलं असतं, त्याचा अर्थ कोणी विचारत नाही.

शुक्रवारी त्यांना घरी आणलं. संध्याकाळी मी माळ्यावरचे डबे उतरवले, त्यांत ताजं भरलं आणि तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेले. त्यांच्या पलंगाजवळच्या स्टुलावर मांडले, झाकणं काढली. ते एकेका डब्यात बघत गेले. पांघरुणातून हात बाहेर काढला नाही.

“हे काय?”

“डॉक्टरांनी सांगितलंय, चालेल म्हणून.”

ते माझ्याकडे बघत राहिले. तपासणी खात्यात आयुष्य काढलेला माणूस, त्यांना जास्त सांगावं लागलं नाही.

“सगळं चालेल?”

“सगळं.”

“मग गेलंच काम,” ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, “झाकणं लाव.”

“लाडू तरी घ्या भाऊजी. मघाशीच वळलेत.”

“शैला, नाही म्हण.”

मला बोलायला वेळ लागला. एरवी लागत नाही.

“ती गेल्यावर मला नाही म्हणणारं कोणी नव्हतं,” ते म्हणाले. “तिच्या वेळीही नव्हतं. तू म्हणायचीस तेव्हा वाटायचं, अजून काहीतरी वाचवण्यासारखं आहे. म्हण.”

मी झाकणं लावली. चांगली दाबून लावली.

“नाही,” मी म्हटलं. “आज शुक्रवार आहे. चिवडा रविवारी मिळेल. आत्ता पाहिजे तर काकडी कापून देते.”

“आणि लाडू?”

“लाडवाचं नावही काढायचं नाही.”

“बरं,” भाऊजी म्हणाले, आणि पुष्कळ दिवसांनी नीट टेकून पडले. “रविवारी विसरू नकोस.”

“मी काही विसरत नाही,” मी म्हटलं, आणि काकडी कापायला त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. रविवार त्यांच्या वाट्याला येईल की नाही, हे डॉक्टरसुद्धा सांगत नव्हते. आम्ही दोघं मात्र तो येणारच आहे, असं धरून बोललो.